दिल्लीची स्मारके आणि आपले मसूर स्टेशन
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सांगली-साताऱ्याकडची आम्ही काही मंडळी दिल्लीची राष्ट्रीय स्मारके पाहून आलो. त्याबद्दल चार शब्द सांगावेत, असा कार्यकर्त्यांचा आग्रह म्हणून उभे आहोत.

राजघाट पाहिला. १९३१ साली उभे राहिलेले इंडिया गेट पाहिले. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांची नावे त्या दगडावर आहेत. २०१९ साली शेजारीच झालेले राष्ट्रीय युद्ध स्मारकही पाहिले. संसदेच्या आवारात १९६७ साली बसवलेला बाबासाहेबांचा पुतळा आता तिथल्याच प्रेरणा स्थळावर आहे. तिथे जायला परवानगी लागते. ती आम्ही आधी काढली नव्हती, चूक आमचीच. बाहेरूनच हात जोडले.

मग गेलो २६, अलीपूर रोडला. याच जागी ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. जुना बंगला आता नाही. तिथे उघड्या संविधान-ग्रंथाच्या आकाराची वास्तू आहे. तिचे उद्घाटन १३ एप्रिल २०१८ रोजी झाले. शेवटच्या रात्रीही बाबासाहेब इथे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम करीत होते. आत शिरताच आमच्यातल्या बोलक्या माणसांचीही वाचा बसली.

बाहेर आल्यावर सोबतच्या एका विद्यार्थ्याने मसूर स्टेशनची हकिगत सांगितली. १९०१ साली नऊ वर्षांचा भीमा साताऱ्याहून इतर मुलांसोबत वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला. मसूरला उतरला. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार! सोबत जेवण होते, पण रात्रभर कुणी पाणी दिले नाही. पोरे उपाशीच झोपली. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

ऐकून आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मसूर म्हंजी आपलंच की रं! कराडच्या म्होरलं?"

मंडळी, खरे सांगतो, आम्हाला लाज वाटली. निजामुद्दीनला जाणारी आमची गाडी रात्री त्याच मसूरवरून गेली होती आणि आम्ही डब्यात घोरत होतो. दीड हजाराहून अधिक किलोमीटर जाऊन स्मारक पाहिले, आणि दारातले ठिकाण ठाऊक नव्हते. माता भीमाबाईंची समाधी साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा' हे नाव चढले, ती शाळाही साताऱ्यातलीच. आमच्यापैकी किती जणांनी ती पाहिली होती? दोघांनी!

परतीच्या प्रवासात सातारा सुटल्यावर आम्ही कुणीच झोपलो नाही. मसूरला गाडी थांबली नाही. फलाटाचे दिवे सरकन मागे गेले. आजींनी तेवढ्यात खिडकीतून हात जोडले.

दिल्लीला जरूर जा, लेकराबाळांना घेऊन जा. पण मसूरचा फलाट पाहून जा, म्हणजे अलीपूर रोडची वास्तू केवढी उंच आहे ते कळेल. आजच्या दिवशी आमची एकच विनंती आहे. दरवर्षी ७ नोव्हेंबरला विहारातली मुले आधी साताऱ्याच्या शाळेत आणि मग मसूरला न्यावीत. सोबत पाण्याने भरलेल्या घागरी घ्याव्यात. गाडीतून उतरेल त्याला मुलांनी आपल्या हाताने पाणी द्यावे, आणि तू कोण, कुठला, हे विचारू नये. जे पाणी तेव्हा मिळाले नाही, ते आपण देऊ.

जय भीम! जय भारत!