कायद्याच्या साच्यात घडलेल्या लॉऱ्या

इंग्लंडमध्ये दर वर्षी मे महिन्यात लंडनहून ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जुन्या मालवाहू गाड्यांची फेरी निघते. १९६२ साली सुरू झालेल्या या फेरीत फोडेन, ई.आर.एफ., ॲटकिन्सन, ए.ई.सी., अल्बियन, स्कॅमेल आणि लेलँड अशा नावांच्या लॉऱ्या नव्याने रंगवून, पितळ घासूनपुसून रस्त्यावर आणल्या जातात. यांतल्या बऱ्याच कंपन्या आज उरलेल्या नाहीत. या गाड्यांविषयी लोक भरभरून बोलतात, आणि त्या बोलण्याचा सूर बहुधा एकच असतो. त्या काळचे इंजिनीअर थोर होते, ड्रायव्हर कणखर होते, म्हणून गाड्या तशा झाल्या. यात खोटे काही नाही. तरी माझ्या मते हे अर्धेच सांगणे आहे. या लॉऱ्यांचा आकार, त्यांचा संथपणा, त्यांचे हलके सांगाडे आणि त्यांची आठ-आठ चाके यांमागे कारखान्यातल्या नकाशांइतकाच संसदेने केलेल्या कायद्यांचा हात होता. कायदा बाजूला ठेवून लॉरी आठवायला गेलो, तर ती अशीच का होती हे कळतच नाही.

पहिले महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या हजारो लॉऱ्या विक्रीला निघाल्या. युद्धातून परतलेल्या, लॉरी चालवायला शिकलेल्या जवानांनी त्या घेतल्या आणि मालवाहतुकीचा धंदा सुरू केला. एक माणूस, एक लॉरी, मिळेल ते भाडे, असा तो कारभार. भाव पाडून धंदा मिळवण्याची चढाओढ लागली, आणि मालाचा ओघ आटू लागल्यावर रेल्वे कंपन्या अस्वस्थ झाल्या. १९३२ साली सर आर्थर सॉल्टर यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे आणि रस्ता अशा दोन्ही बाजूंची माणसे एकत्र बसली. त्यांच्या अहवालातून १९३३ चा रस्ता आणि रेल्वे वाहतूक कायदा आला. त्याने लॉरीमालकांचे तीन वर्ग पाडले. दुसऱ्यांचा माल भाड्याने नेणाऱ्याला ‘ए’ परवाना, स्वतःचा आणि दुसऱ्यांचा असा दोन्ही नेणाऱ्याला ‘बी’, आणि फक्त स्वतःचा माल नेणाऱ्याला ‘सी’. ‘सी’ परवाना सहज मिळे. ‘ए’ हवा असेल तर या वाहतुकीची खरोखर गरज आहे हे परवाना अधिकाऱ्यापुढे सिद्ध करावे लागे, आणि हरकत घ्यायला समोर रेल्वेचा वकील उभा राही. त्यामुळे प्रत्यक्ष गाडीपेक्षा तिचा परवाना मोलाचा ठरू लागला. त्या परवान्यावर गाडीचे रिकाम्या अवस्थेतले वजन नोंदलेले असे, आणि मोठ्या गाड्यांवरचा करही याच रिकाम्या वजनावर आकारला जाऊ लागला.

रिकाम्या वजनाचा हा आकडा लॉरीच्या घडणीत किती खोल शिरला ते पाहा. त्याचा पहिला घाव वाफेच्या लॉरीवर पडला. बॉयलर, कोळसा, पाण्याची टाकी हे सगळे अंगावर वागवणारी गाडी मुळातच जड. श्रूजबरीच्या सेंटिनेल कंपनीची वाफेची लॉरी त्या वेळी अतिशय सुधारलेली होती, इंग्लंडमध्ये कोळसा घरचा होता आणि डिझेल बाहेरून येई. तरीही कराच्या हिशेबात वाफ टिकेना. त्याच १९३३ साली वाफेच्या गाड्यांसाठी नावाजलेल्या फोडेन घराण्यातले एडविन रिचर्ड फोडेन वेगळे झाले आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून ई.आर.एफ. ही कंपनी उभी राहिली, ती डिझेलच्या बळावर. तिच्यात मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टचे गार्डनर इंजिन होते. आठ चाकांचेही तसेच. चार चाकांच्या गाडीला भरल्या वजनाची मर्यादा १२ टन, सहा चाकांना १९, आणि आठ चाकांना २२. जास्त माल न्यायचा तर जास्त आस लावा, असे कायदाच सांगत होता. म्हणून पुढे वळणारे दोन आस आणि मागे दोन अशी ती लांबलचक लॉरी जन्माला आली. लांबीवरही बंधन होते. मग नाकासाठी जागा घालवायची कशाला? ड्रायव्हरला इंजिनाच्या बरोबरीने पुढे बसवले आणि मागे माल ठेवायची फळी लांब केली. ब्रिटिश लॉरीचा तो सपाट, उभा चेहरा पुष्कळांना देखणा वाटतो. मलाही वाटतो. पण तो फुटपट्टीतून आला आहे.

मागची उघडी फळी हीसुद्धा याच हिशेबाची. पेटीसारखी बंद बॉडी बांधली की रिकामे वजन वाढते, शिवाय परतीच्या भाड्याला जो माल मिळेल तो तिच्यात मावेलच असे नाही. उघड्या फळीवर लोकरीचे गठ्ठे, लोखंडी नळ, पिठाची पोती, काहीही चालते. म्हणजे गाडीतून वाचवलेले वजन ड्रायव्हरच्या हातांवर आले. ताडपत्री घालताना आधी मागची पसरायची आणि पुढची नंतर, तिच्यावर चढवून, म्हणजे चालत्या गाडीचा वारा जोडात शिरत नाही. फळीच्या कडेखाली लोखंडी आकडे असत. त्यांतून दोर घालून वर नेत, दोरालाच एक फास घालत आणि त्या फासातून दोराचे टोक ओढून सगळे अंगाचे वजन टाकत. त्या गाठीत कप्पीचा गुण असतो, एका माणसाच्या ओढीने काही टनांचा ढीग जखडला जातो. आपल्याकडे ज्यांनी ट्रकवर माल बांधताना पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पावसात भिजलेली, थंडीने कडक झालेली ताडपत्री आणि बोटे सोलणारा दोर हा रोजच्या कामाचा भाग होता, आणि बांधणी सैल सुटली तर दोष ड्रायव्हरचा.

आता वेगाकडे येऊ. रिकामे वजन अडीच टनांच्या आत असेल तर ताशी ३० मैल, त्याहून जड लॉरीला ताशी २० मैल, हा नियम १९५७ पर्यंत टिकला. १९३० च्या कायद्याने ड्रायव्हरला सलग साडेपाच तासांहून जास्त आणि दिवसात ११ तासांहून जास्त गाडी चालवायला मनाई होती. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की त्या काळच्या रस्त्याचा नकाशा उलगडतो. साडेपाच तासांत ११० मैल, म्हणजे लंडन ते बर्मिंगहॅम. लंडन ते ग्लासगो सुमारे ४०० मैल, म्हणजे वीस तासांचे चालवणे, एका ड्रायव्हरच्या एका दिवसात न बसणारे. म्हणून वाटेवरच्या खाणावळी, ड्रायव्हरांना रात्री खाट देणारी घरे, आणि अर्ध्या वाटेवर भेटून दोन ड्रायव्हरांनी गाड्यांची अदलाबदल करून आपापल्या गावी परतायची रीत. या सगळ्याला आज जुन्या दिवसांचा रंग चढला आहे, पण त्याचा पाया अंकगणिताचा आहे. इंजिनाचेही तसेच. सहा सिलिंडरचे जुने गार्डनर शंभराच्या आसपास अश्वशक्तीचे, आणि ओढायचे २२ टन. आजच्या मापाने ती ताकद हास्यास्पद ठरेल, परंतु ताशी २० मैलांसाठी ती पुरेशी होती. त्या संथ चालीत ते इंजिन डिझेल फार कमी पिई आणि वर्षानुवर्षे टिके. गार्डनरच्या कारागिरीला माझा मनापासून मुजरा आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या कारागिरीने सोडवलेले गणित कायद्याने घालून दिले होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कायदा पाळत कोण होते? आक्षेप वजनदार आहे. वीस मैलांची मर्यादा सर्रास मोडली जाई, वेळेच्या नोंदी सोयीने भरल्या जात, उतारावर गिअर काढून गाडी सोडून दिली जाई, आणि कमकुवत ब्रेकच्या गाडीत हा जिवाशी खेळ होता. १९५७ सालचा ‘हेल ड्रायव्हर्स’ हा चित्रपट फेऱ्यांच्या हव्यासापायी जिवावर उदार होऊन लॉऱ्या पळवणाऱ्या ड्रायव्हरांवरच आहे. पण नियम मोडण्याची तऱ्हासुद्धा नियमच ठरवतो. अडीच टनांच्या आत बसणाऱ्या हलक्या, स्वस्त लॉऱ्यांना ३० मैलांची मुभा होती, म्हणून त्या खपल्या, आणि मग त्यांच्यावर बेतापेक्षा जास्त माल लादला गेला. शिवाय मर्यादा ३० वर न्यायचा प्रस्ताव आला तेव्हा कामगार संघटनांनीच हरकत घेतली होती, कारण फेऱ्यांचे तास आणि त्यावरचा पगार जुन्या वेगाने बांधलेला होता. कागदावर राहिलेल्या नियमासाठी कोणी असे भांडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. याच कंपन्यांच्या गाड्या जगभर गेल्या, तिथे ब्रिटनचा कायदा नव्हता, तरी त्या चालल्या. मग कायद्याचे एवढे काय? याचे उत्तर आपल्या ओळखीच्या गाडीत आहे. लेलँडची ‘कॉमेट’ १९४७ साली आली ती परदेशी बाजार डोळ्यांसमोर ठेवून, आणि तिला चांगले लांब नाक होते. लांबीची फुटपट्टी सैल झाली की इंजिन पुढे गेले. मद्रासजवळ एन्नोरला अशोक मोटर्सने लेलँडशी करार करून हीच कॉमेट जुळवायला घेतली आणि १९५५ साली कंपनीचे नाव अशोक लेलँड झाले. पुढे आपल्या भंडाऱ्यालाही त्या कंपनीचा कारखाना आला. महाराष्ट्राच्या एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली ती बेडफर्डची, आणि बेडफर्ड म्हणजे इंग्लंडमधल्या हलक्या लॉऱ्यांचे सर्वांत परिचित नाव. गाड्यांबरोबर विचारही आला होता. मिचेल-कर्कनेस समितीने आपल्याकडे रेल्वे आणि रस्ता यांच्या स्पर्धेची पाहणी केली ती १९३०च्या दशकाच्या आरंभी, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालाच्या गाड्यांना परमिटची पद्धत लावली. परमिटासाठी आर.टी.ओ.च्या दारात उभा राहणारा आपला ट्रकमालक आणि परवान्यासाठी रेल्वेच्या वकिलाला तोंड देणारा लँकेशायरचा लॉरीमालक एकाच विचाराच्या कचाट्यात सापडलेले होते.

राष्ट्रीयीकरणाचा अध्याय मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याने लॉरी फारशी बदलली नाही, मालक बदलले. १९४७ च्या कायद्याने लांब पल्ल्याची भाडोत्री वाहतूक सरकारकडे गेली, ब्रिटिश रोड सर्व्हिसेस निर्माण झाली, आणि खासगी मालकाला आपल्या ठाण्यापासून २५ मैलांच्या परिघाची वेस पडली. सरकार बदलल्यावर १९५३ च्या कायद्याने त्यातल्या बऱ्याच गाड्या पुन्हा विकल्या गेल्या. ‘सी’ परवान्याला मात्र ती वेस नव्हती, म्हणून कारखानदारांनी स्वतःच्या लॉऱ्या घेतल्या आणि त्या परवान्यांची संख्या युद्धापूर्वीच्या दुपटीहून वर गेली. वाट अडली की पाणी दुसरीकडून जाते, तसे झाले.

खरा पालट पुढे दहा-बारा वर्षांत झाला. १९५७ ला वेग ३० झाला, १९५९ ला लंडन आणि मिडलँड्स यांच्यामधला एम-१ महामार्ग खुला झाला, १९६४ ला वजनाच्या मर्यादा वाढून जोडगाडीला ३२ टनांची परवानगी मिळाली, आणि १९६८ च्या कायद्याने ए-बी-सी परवाने मोडीत काढले. ज्या साच्यात ती लॉरी ओतली होती तो साचा दशकभरात फुटला. नेमक्या त्याच सुमारास स्वीडनहून व्होल्व्होची एफ-८८ आली. तिच्यात भरपूर ताकद होती, उबदार केबिन होती, झोपायची सोय होती. कडाक्याच्या थंडीत, जड वजने घेऊन लांब पल्ले मारणाऱ्या देशाने ती घडवली होती. ब्रिटिश कारखाने आळशी होते म्हणून हरले असे सांगण्याची रीत आहे. ती मला अन्यायाची वाटते. संपात, विलीनीकरणात, कारभारात त्यांचे चुकले हे खरे, पण तीस वर्षे ज्या प्रश्नाचे उत्तर ते उत्तम देत होते तो प्रश्नच बदलला होता. साउथॉलचा ए.ई.सी. कारखाना १९७९ साली बंद पडला, वॉटफर्डची स्कॅमेल १९८८ साली.

आणि ड्रायव्हर? उजव्या बाजूला दाराच्या फटीतून बर्फाळ वारा, डावीकडे इंजिनाच्या झाकणाची धग, हीटर नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, प्रत्येक गिअरला क्लच दोनदा दाबायचा. कंब्रियात केंडल आणि पेनरिथ यांच्यामध्ये ए-६ रस्ता शॅपच्या उघड्या डोंगरावरून सुमारे चौदाशे फूट उंचीने जातो. १९७० साली एम-६ महामार्ग तिथून पुढे सरकेपर्यंत इंग्लंड आणि स्कॉटलंडमधला माल हिवाळ्यात याच चढावर अडकून पडे. तिथे आज एक स्मृतिशिला आहे. ती लॉऱ्यांची नाही. या अवघड वाटेवरून गाड्या नेणाऱ्या माणसांची, रस्ता बांधणाऱ्या आणि राखणाऱ्यांची, आणि हिमवादळात अडकलेल्यांना घासभर अन्न आणि निवारा देणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांची आठवण तिच्यावर कोरली आहे. जुन्या गाड्या जपणाऱ्यांनी हा धडा घ्यावा असे मला तळमळीने वाटते. लँकेशायरमधल्या लेलँड गावी व्यापारी वाहनांचे संग्रहालय आहे, तिथे गाड्या उत्तम राखल्या आहेत. अशा प्रत्येक गाडीशेजारी तिचा परवाना, ड्रायव्हरने भरलेला वेळेचा तक्ता आणि कराची पावती मांडली, तर पाहणाऱ्याला तिची आठ चाके आपोआप समजतील. आपल्याकडेही जुन्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या कपाटांत परमिटे, बिल्ट्या आणि जकात नाक्यांच्या पावत्या अजून पडून आहेत. रद्दीवाल्याने नेण्याआधी त्या कोणीतरी मागून घ्याव्यात.