हिरवा पट्टा, जांभळा पट्टा आणि सातबाऱ्याबाहेरची माणसे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

शहराच्या हद्दीतील शेतजमीन हलक्या उद्योगांसाठी खुली करावी की करू नये, या प्रश्नावर आपल्याच कार्यकर्त्यांत दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, शेती वाचली पाहिजे. दुसरा म्हणतो, बेकार तरुणांना काम हवे असेल तर कारखान्यांना जागा दिलीच पाहिजे. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. परंतु नकाशावरचा रंग बदलतो तेव्हा नेमके काय घडते, कोणाच्या पदरात काय पडते आणि कोणाच्या पदरातून काय जाते, याचा हिशेब मांडल्याखेरीज या वादाचा निकाल लागणार नाही. आज तो हिशेब मी पिंपरी-चिंचवडच्या उदाहरणावरून मांडणार आहे.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास आपणास ठाऊक आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी परिसरातील जमिनी कारखान्यांकडे गेल्या. १९८२ साली येथे महानगरपालिका झाली. १९९७ साली चिखली, तळवडे, मोशी, चऱ्होली यांसारखी गावे तिच्या हद्दीत आली. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारी हजारो लहान वर्कशॉपे त्यांच्या आसपास उभी राहिली. त्यांना औद्योगिक वसाहतीतील भूखंड परवडेनात, म्हणून ती शेतात शिरली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून असूनही अर्धा गुंठा, एक गुंठा करीत जमीन विकली गेली आणि जेथे ज्वारी-बाजरी उभी असे तेथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. तेव्हा शेती आधी गेली आणि रंग नंतर बदलला, असेही अनेक ठिकाणी घडले आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता कायद्याची वाट पाहू. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली प्रत्येक शहराचा विकास आराखडा तयार होतो. त्यात शेतीचा पट्टा हिरवा, निवासी पिवळा आणि औद्योगिक जांभळा दाखविण्याचा प्रघात आहे. आराखडा मंजूर झाल्यावरही कलम ३७ अन्वये त्यात फेरबदल करता येतो. राजपत्रात सूचना निघते, हरकतींसाठी एक महिन्याची मुदत असते, सुनावणी होते, आणि शासनाच्या मंजुरीने हिरव्याचा जांभळा होतो. तिकडे १९९४ च्या दुरुस्त्यांनी पुढची वाटही मोकळी केली आहे. औद्योगिक पट्ट्यातील जमीन खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी घेणाऱ्यास, तो शेतकरी नसला तरी, कुळकायद्याच्या कलम ६३-१अ खाली दहा हेक्टरपर्यंत जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागत नाही. जमीन महसूल कायद्याच्या कलम ४४-अ खाली बिगरशेती वापराची पूर्वपरवानगीही लागत नाही, केवळ कळविले की पुरते. सारांश, लोकांच्या हाती हरकतीचा जो काय अवसर आहे तो रंग बदलण्याच्या वेळी आहे. तो एक महिना गेला की पुढे सारे खासगी खरेदी-विक्रीचे व्यवहार होतात.

साथींनो, या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. सरकार जमीन सक्तीने संपादन करते तेव्हा निदान काही हक्क तरी उत्पन्न होतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेत केवळ जमीनमालक धरलेला नाही. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर राबणारा शेतमजूर, कूळ, वाटेकरी, गावचा कारागीर, ज्याची उपजीविका त्या जमिनीवर आहे, तोही बाधित ठरतो. नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार रुपये, असे पर्याय त्या कायद्याच्या परिशिष्टात दिलेले आहेत. हे पुरेसे आहे असे कोणी म्हणणार नाही. अंमलबजावणीची रड तर वेगळीच. औद्योगिक विकास महामंडळ १९६१ च्या स्वतंत्र कायद्याने जमीन घेते, हेही खरे. तरीपण भूमिहीन मजूर हा जमिनीचा एक हक्कदार आहे, हे तत्त्व २०१३ साली संसदेने मान्य केले.

पट्टाबदल झाला आणि जमीन खासगी कराराने विकली गेली, तर मात्र हे तत्त्व कोठे जाते? पैसे मिळतात ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. त्या जमिनीवर वर्षानुवर्षे खुरपणी करणारी बाई, वाट्याने भाजीपाला काढणारे कुटुंब, बांधावरच्या गवतावर दोन शेळ्या पोसणारी विधवा, यांची कोणत्याही कागदावर नोंद नाही. कोणाचीही जमीन कोणी हिसकावून घेतलेली नसते, सर्व काही कायदेशीर असते, आणि तरीही शंभर घरांची चूल विझते. संपादनाच्या विरोधात मोर्चा निघतो, कारण समोर सरकार दिसते. पट्टाबदलाविरुद्ध मोर्चा निघत नाही, कारण समोर कोणीच दिसत नाही.

सातबाऱ्याच्या आतही सर्वांना न्याय मिळतो असे नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. पण गुंठ्याचा भाव चढू लागला की माहेरहून निरोप येतो, आणि हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते. भावाशी वाकडे नको म्हणून ती करते. रंग बदलण्याने जे मूल्य वाढले त्यातील तिचा वाटा एका सहीने नाहीसा होतो.

हे वाढलेले मूल्य येते कोठून? शेतकऱ्याने अधिक घाम गाळला म्हणून नव्हे, आणि कारखानदाराने भांडवल घातले म्हणूनही नव्हे. शहराने रस्ता केला, पाणी आणले, वीज आणली. हजारो कामगारांनी तेथे वस्ती केली. आणि शासनाने एका अधिसूचनेने वापर बदलला. म्हणून मूल्य वाढले. हे मूल्य समाजाने निर्माण केले आहे. अर्थशास्त्रात त्याला अनर्जित वाढ म्हणतात. समाजाने निर्माण केलेले मूल्य समाजाकडे परत यावे, ही मागणी काही भयंकर क्रांतिकारक नाही. १९६६ च्या याच कायद्यात नगररचना योजनेपुरती वाढीव मूल्याच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेण्याची तरतूद आहे. मग सुट्या पट्टाबदलाला तोच न्याय का नको? बहुतेक वेळा असे होते की, पट्टा बदलणार याची कुणकुण ज्यांना आधी लागते, ते शेतकऱ्याकडून हिरव्याच्या भावाने जमीन घेतात आणि जांभळ्याच्या भावाने विकतात. शेतकऱ्यालाही वाढीचा वाटा मिळत नाही, मजुराला तर नाहीच नाही, आणि समाजाच्या वाट्याला येतो तो फक्त धूर आणि सांडपाणी.

वाढीव मूल्यात वाटा मागण्याचा लढा महाराष्ट्राला नवा नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यांची जमीन बुडाली, आणि तिच्यावर निर्माण झालेली वीज मुंबईला गेली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी ठरल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली. मोबदला घेऊन बाजूला व्हा, या जागी वाढीत भागीदार व्हा, हे तत्त्व त्या पाच जणांच्या रक्ताने प्रस्थापित केले आहे. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्टा येथे शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून, ती न विकता स्वतःची कंपनी काढून विकसित केली. त्यातून काय शिकावयाचे? शेतकरी एकत्र आला तर वाढीव मूल्य त्याच्या हाती राहू शकते, हे शिकावयाचे. आणि जमीन ज्यांच्या नावे होती तेच भागधारक झाले, हेही विसरावयाचे नाही. भूमिहीनाचा प्रश्न या दोन्ही उदाहरणांत पुरता सुटलेला नाही. तो आपला प्रश्न आहे.

आता दुसऱ्या तटाकडे वळू. कारखाने आले तर काम मिळेल, हे म्हणणे खोटे नाही. परंतु कोणते काम? हलका उद्योग म्हणजे वीस-पंचवीस माणसांची शेड. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यास दहा कामगारांची मर्यादा होती. २०२० च्या संहितेत ती वीस झाली. कामगारकपात करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये या संहिता लागू झाल्या. म्हणजे ज्या उद्योगांसाठी आपण शेती देणार, त्यांतील फार मोठा भाग कामगार कायद्याच्या मुख्य संरक्षणाबाहेर राहणार. त्यांतही गावच्या शेतमजूर बाईला काम मिळेल याची हमी कोण देतो? शेतावरून उठलेली बाई शेडच्या दारात उभी राहते तेव्हा तिला झाडलोटीचे काम मिळते, आणि तेही ठेकेदारामार्फत.

शिवाय उद्योगाचा जांभळा पट्टा शेवटपर्यंत जांभळा राहतो काय? मुंबईच्या गिरण्यांकडे पाहा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकासाठी. २००१ साली हे सूत्र केवळ मोकळ्या जमिनीपुरते मर्यादित केले गेले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. कामगारांच्या हाती काय उरले ते आपण पाहतोच. आज अटींवर औद्योगिक जमीन निवासी वापरास देण्याची सोय नियमांत आहे. तेव्हा शेतीकडून कारखान्याकडे आणि कारखान्याकडून इमारतीच्या मजल्यांकडे अशी ही वाट असू शकते. उद्योग हा मधला थांबा आणि जमिनीचा व्यापार हे मुक्कामाचे ठिकाण, असे होऊ नये याची काळजी पट्टाबदलाच्या वेळीच घ्यावी लागेल.

पाण्याचाही विचार हवा. इंद्रायणीवर आळंदीस येणारा फेस वारकऱ्यांनी पाहिला आहे. आणि शहराचे पाणी कोणाचे, या प्रश्नावर ऑगस्ट २०११ मध्ये मावळात गोळीबार होऊन तीन शेतकरी मारले गेले, हे विसरता येत नाही. पवनेच्या बंद नळाला विरोध करणारा शेतकरी विकासाचा शत्रू नव्हता. आपल्या पाण्याचा हिशेब मागणारा नागरिक होता.

मग आपली भूमिका काय असावी? आंधळा विरोधही नको आणि आंधळा पाठिंबाही नको. पट्टाबदलाच्या प्रत्येक प्रस्तावाला आपण पाच कसोट्या लावाव्यात. पहिली: सध्याच्या औद्योगिक वसाहतीत किती भूखंड पडून आहेत, त्यांची यादी आधी जाहीर व्हावी, ते भरल्यावाचून नवी शेती मागू नये. दुसरी: त्या जमिनीवर जगणाऱ्या प्रत्येक माणसाची, सातबाऱ्यावर नसलेल्यांसह, ग्रामसभा किंवा वॉर्डसभेत वाचून नोंद व्हावी आणि २०१३ च्या कायद्यातील पुनर्वसनाचे हक्क त्यांना लागू व्हावेत. तिसरी: वाढीव मूल्याचा निम्मा भाग सार्वजनिक निधीत यावा आणि तो कामगारांच्या घरांवर व सांडपाणी शुद्धीकरणावर खर्च व्हावा. चौथी: जमीन विकण्याऐवजी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने ती भाडेपट्ट्याने द्यावी. महामंडळ स्वतः आपले भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. मग शेतकऱ्याने का देऊ नये? पाचवी: उद्योग बंद पडल्यास कामगारांची देणी चुकती झाल्यावाचून आणि जनसुनावणीवाचून त्या जमिनीचा वापर पुन्हा बदलू नये.

आणि लहान उद्योजकाला आपण शत्रू समजू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीच्या कुदळवाडीत महापालिकेने हजारो पत्राशेड व गोदामे पाडली. ती बेकायदेशीर होती असे सांगण्यात आले. पण इतकी वर्षे ती उभी राहिली ती कोणाच्या डोळ्यांदेखत? आणि तेथे पोट भरणाऱ्या परप्रांतीय व स्थानिक मजुरांचे पुढे काय, याचे उत्तर कोणत्या आराखड्यात आहे? नियोजन वेळेवर झाले नाही की आधी शेतमजूर उठतो आणि मागाहून शेडमधला मजूर उठतो. दोघे एकाच वर्गाचे आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे राजकारण आपण ओळखले पाहिजे.

काम काय करावयाचे ते सांगून थांबतो. मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा हजारो हरकती दाखल झाल्या. लोक जागे आहेत, याची ती खूण आहे. पण बहुतेक हरकती मालकांच्या असतात. ज्याच्या नावे काही नाही तो हरकत घेत नाही, कारण आपल्याला तो हक्क आहे हेच त्याला माहीत नसते. कायदा मात्र मालकालाच हरकत घेता येईल असे म्हणत नाही. कोणाही व्यक्तीस ती घेता येते. म्हणून प्रत्येक शाखेने राजपत्रातील सूचनांवर लक्ष ठेवावे. सूचना निघताच वस्तीवर जाऊन भूमिहीनांच्या, वाटेकऱ्यांच्या, बायकांच्या सह्यांनिशी हरकती द्याव्यात आणि सुनावणीस त्यांनाच उभे करावे. उद्योगाच्या नावाने घेतलेल्या जमिनींची गाववार वही ठेवावी. कलम ६३-१अ खाली घेतलेल्या जमिनीवर मुदतीत उद्योग निघाला नाही, तर मूळ विक्रेत्यास ती त्याच किंमतीस परत घेण्याचा हक्क आहे; तो किती शेतकऱ्यांना माहीत आहे? माहीत करून देणे हे आपले काम आहे.

जमिनीचा रंग कचेरीत बदलतो. त्या कचेरीत आजवर दोनच पक्ष हजर असत, एक विकणारा आणि एक घेणारा. तिसरा पक्ष, म्हणजे त्या जमिनीवर राबणारा, यापुढे तेथे हजर राहील, एवढे जरी आपण घडवून आणले तरी या अभ्यासवर्गाचे चीज झाले असे मी समजेन.