पाळी संपल्यावरची झोप

(जवाहरनगर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, आज रात्रीच्या जेवणाआधी झोपेवर बोलायचं म्हणजे समोरच्यांनी डुलक्या घेतल्या तरी वक्त्याला तक्रार करता येत नाही.

इथली आयुध निर्माणी 1964 सालची. तरुणपणी सुरुवातीच्या भरतीत आलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी रात्रपाळ्या केल्या, दिवसा खिडक्यांना चादरी लावून झोप काढली. पाळ्या संपल्या, पेन्शन सुरू झाली, आणि आता एकच तक्रार ऐकू येते: "डॉक्टर, चारला डोळा उघडतो, मग लागतच नाही."

मी विचारतो, आडवे कधी होता? "नऊला." नऊ ते चार किती झाले? सात तास! हा आजार नाही, हिशेबाची चूक आहे. मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, शरीराचं घड्याळ आहे. ते उजेडावर लागतं. उतारवयात ते पुढे सरकतं, म्हणून संध्याकाळीच पेंग येते आणि पहाटेच जाग येते. गाढ झोपेचा वाटाही कमी होतो. पासष्टीनंतर साधारण सात-आठ तास पुरतात. ते सलग मिळावेत हा हट्ट मात्र सोडावा.

आता आयुष्याच्या लांबीचं. अमेरिकेत डॅनियल क्रिपके यांनी 11 लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासून 2002 साली मांडलं, की मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं ते सुमारे सात तास झोपणाऱ्यांत. कमी झोपणाऱ्यांत ते जास्त होतं, आणि आठ तासांहून अधिक झोपणाऱ्यांतही. हे ऐकून एका आजोबांनी पहाटेचा गजर लावायला सुरुवात केली. थांबा! जास्त झोपेनं माणूस मरतो असं यातून निघत नाही. हृदय थकलंय, रक्त कमी आहे, मन उदास आहे, अशी माणसं जास्त वेळ पडून राहतात. थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही. मात्र नेहमी सात तास झोपणारे आजोबा अचानक दहा तास झोपू लागले, तर "म्हातारपण आहे" म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो ब्रिटनमधला अलीकडचा अभ्यास. जवळपास 61 हजार लोकांच्या मनगटावर आठवडाभर यंत्र बांधून त्यांची झोप मोजली, आणि पुढे कोण दगावलं ते पाहिलं. सर्वांत अनियमित झोपणाऱ्यांच्या तुलनेत नियमित झोपणाऱ्यांत मृत्यूचा धोका 20 ते 48 टक्के कमी आढळला. किती तास, यापेक्षा रोज त्याच वेळी का, हा प्रश्न वरचढ ठरला. हाही संबंध आहे, पक्कं कारण नव्हे. पण पाळ्यांत आयुष्य काढलेल्यांना मी एवढंच सांगेन, की बदलणारी वेळ तेव्हा कारखान्याची गरज होती. आता कोणाची आहे? झोपायची वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालेल, उठायची वेळ ठरलेली ठेवा. आणि उठल्यावर अंगणात या. उजेड फुकट आहे.

दुपारच्या झोपेबद्दल घराघरांत भांडणं आहेत. चरकसंहितेत निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान आहे. दिवसा झोपणं तिथे सरसकट मान्य नाही, पण उन्हाळ्यात आणि वृद्धांना सवलत आहे. आपल्या मे महिन्यात ती सवलत जरूर घ्या! फक्त अर्ध्या तासात उठा, तीन वाजायच्या आत.

उन्हाळ्याचं आणखी एक. 68 देशांतल्या मनगटी यंत्रांच्या नोंदी सांगतात, की रात्र तापली की झोप घटते, आणि वृद्धांची तरुणांच्या दुपटीहून अधिक घटते. तेव्हा कूलरचं पाणी आजोबांच्या खोलीत आधी भरा. लग्नघरातल्या पाहुण्यांना गच्ची द्या.

घोरणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. घोरता घोरता श्वास थांबतो, मग दचकून सुरू होतो, हे ज्यांचं त्यांना कळत नाही. ते शेजारी झोपणाऱ्याला कळतं. म्हणून दवाखान्यात येताना काकूंना सोबत आणा, त्यांची साक्ष मला तुमच्यापेक्षा खरी वाटते. आणि शेजाऱ्याची झोपेची गोळी मागून घेऊ नका. रात्री तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलेले रुग्ण मी पाहिलेत.

साडेआठ झाले. नऊला झोपणारे मागच्या रांगेतून घड्याळ बघताहेत, तेव्हा प्रश्न दोनच घेतो.