अंगाला हात लागतो, पुढं काय?

(चांदवड येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. दवाखान्यात ड्रेसर आहे, जखमा बांधणारा माणूस. तेव्हा भाषणात गोडवा शोधू नका.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये 1929 सालची एक हकिकत दिलीय. काठेवाडातला अस्पृश्य शिक्षक. बायको बाळंतीण, आजारी. डॉक्टर तिला शिवायला तयार नाही. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हाती दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. तसंच परत. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात पारा बघितला, न्यूमोनिया म्हणाला. बाई मेली.

आता तसं राहिलं नाही, म्हणाल. डॉक्टर हात लावतो. लावतो ना, अंगाला लावतो.

माझी आई मार्केटात कांदा निवडायची. बाप गेल्यावर तिच्या डोक्यात वाफ भरायची, छातीत धडधड, हातापायाला मुंग्या. पहाटे तीनला टक्क जागी. तीन वर्षं आम्ही दवाखाने पालथे घातले. सुई, सलाईन, ताकदीच्या गोळ्या. ईसीजी नॉर्मल निघाला तेव्हा एक डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाला, "ढोंग आहे. तुमच्या लोकांना कसलं डिप्रेशन?" म्हणजे दुःखसुद्धा शिकलेल्या, भरल्या पोटाच्या माणसाचं राखीव! इकडे वस्तीनं ठरवलं, देवीचं आहे. रेणुकेला नेलं, ओटी भरली. देवी बोलली नाही, डॉक्टरही बोलला नाही.

शेवटी नाशिकला एका डॉक्टरीणबाईनं खुर्ची पुढं ओढून विचारलं. आजी, गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन खचल्यासारखं झालंय का? कामात, नातवंडांत गोडी वाटेनाशी झालीय का? आई तिथंच रडली. दोनच प्रश्न. हे प्रश्न म्हणजे निदान नव्हे, पण दार तिथून उघडतं. मग बाईंनी विचारलं, मरून जावं असं मनात येतं का? मी हादरलो. मरणाचं विचारलं की ते डोक्यात भरतं, असं आपण समजतो. भरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. घरातलं फवारणीचं औषध आधी बाहेर काढा, असं त्यांनी मला बजावलं.

रक्त तपासलं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस असाच गळतो. गोळ्या सुरू झाल्या. फरक पडायला दोन-चार आठवडे लागतील, आणि बरं वाटलं तरी पुढं काही महिने मनानं बंद करायच्या नाहीत, हे बाईंनी समजावलं होतं. तरी आठव्या दिवशी मीच वैतागून पुडी फेकायला निघालो होतो.

दारूचंही सांगतो. रोज पिणारा माणूस हाड मोडून ॲडमिट होतो, दारू एकदम तुटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात. वॉर्ड म्हणतो, येडा झाला, बांधा. अरे, तो जिवावरचा आजार आहे, वेळेवर औषध दिलं तर माणूस वाचतो. भरती करतानाच सांगा, हा पितो. लाजू नका.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. उपचारात भेदभाव नको, असं म्हणताना त्यात 'जात' हा शब्द आहे. साखळीनं बांधायला बंदी आहे. 2001 साली तामिळनाडूत एरवाडीला साखळदंडातली 28 माणसं आगीत मेली, ते विसरू नका. सरकारच्या आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर फुकट मिळायला हवीत. खिडकीवर "नाही" म्हणाले तर तसं लेखी मागा. रात्री-अपरात्री 14416 लावा, टेलि-मानस, पैसे पडत नाहीत.

आणि आपल्यातलं एक. मोर्चात पुढं असणारा पोरगा महिनाभर फिरकत नाही, तर आपण त्याला भगोडा म्हणतो. त्याच्या घरी कोण गेलं? मागल्या साली एकाच्या घरी मी उशिरा गेलो. तो वाचला, ते त्याच्या बहिणीमुळं.

कुणाची आई अशी 'ढोंग' करत असेल तर सोमवारी सकाळी ओपीडीला आणा. केसपेपरवर 'अंगदुखी' एवढंच लिहू देऊ नका. मी ड्रेसिंगच्या खोलीत असतो.