मुलाच्या हाती गाण्याची पेटी

दोन-अडीच वर्षांचे मूल घरात असले म्हणजे "गाणं लाव" ही मागणी दिवसातून दहा वेळा होते, आणि दहाही वेळा आपला हात सवयीने खिशातल्या मोबाईलकडे जातो. गाणे लागते. पण बघता बघता मूल ऐकायचे सोडून पाहायला लागते. एक गाणे संपले की दुसरे आपोआप सुरू होते, मध्येच जाहिरात घुसते, आणि फोन परत घ्यायला गेलो की घर डोक्यावर घेतले जाते. हा अनुभव आता एकट्या शहराचा राहिलेला नाही. वाडीवस्तीवरच्या घरांतही तो तसाच आहे. म्हणून आज एका साध्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे. लहान मुलाच्या ऐकण्यासाठी घरात वेगळे यंत्र घ्यावयाचे झाले तर ते कोणते घ्यावे, आणि त्यात भरावे काय?

ह्या यंत्राला म्हणावे काय हीच पहिली अडचण. दुकानदार त्याला 'प्लेअर' म्हणतो, 'स्पीकर' म्हणतो. जुनी माणसे अजून 'टेप' म्हणतात. मी आपली 'गाण्याची पेटी' म्हणतो. संगीतवाल्यांनी रागावू नये. ही बाजाची पेटी नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

मुलांसाठी गाणारे यंत्र करण्याची कल्पना ह्या यंत्राइतकीच जुनी आहे. एडिसनने १८७७ साली आवाज साठवणारा फोनोग्राफ बनवला, तेव्हा त्यात आपण पहिल्याने म्हटले ते लहान मुलांचे एक बडबडगीत होते, असे तो स्वतः पुढे सांगत असे. १८९० साली त्याची बोलणारी बाहुली बाजारात आली. बाहुलीच्या पोटात चिमुकला फोनोग्राफ आणि पाठीला फिरवण्याची दांडी. दांडी एकसारख्या गतीने फिरवली तरच आवाज सरळ येणार. ते लहान मुलाला कसे जमावे? शिवाय आतले मेण सुईखाली लवकर झिजे. काही आठवड्यांतच विक्री थांबली. एवढा मोठा शोधक, पण वस्तू ज्याच्या हाती जायची त्याचा हात केवढा, हे पाहायचे राहून गेले.

तर दुकानात उभे राहिल्यावर आपण पहिल्याने हेच पाहायचे. आपल्या मुलाला हे यंत्र आपले आपण चालवता येईल का? अक्षरे न वाचता, कोणाला हाक न मारता? बटणे मोठी, वेगवेगळी, बोटाला खाली जाणवणारी हवीत. एकाच बटणाला जरा दाबले तर एक काम आणि धरून ठेवले तर दुसरे, असला प्रकार पुष्कळ यंत्रांत असतो. त्यात मोठी माणसेही गोंधळतात. जर्मनीत २०१६ साली 'टोनीबॉक्स' नावाची एक पेटी निघाली. तिच्यावर एक छोटी बाहुली ठेवली की त्या बाहुलीची गोष्ट सुरू होते आणि उचलली की थांबते. आवाज वाढवायला पेटीचा मोठा कान दाबायचा, कमी करायला छोटा. पडदा नाही, अक्षर नाही. आपल्या खेड्यातल्या घरासाठी ती पेटी महाग पडेल, आणि पहिल्यांदा गोष्ट उतरवून घ्यायला तिला इंटरनेट लागते. पण कल्पना फार शहाणपणाची आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. तिच्या बाहुल्यांत एक जात अशी आहे की तिच्यात आपला स्वतःचा आवाज ९० मिनिटांपर्यंत भरता येतो.

आता आपल्या बाजारात काय मिळते ते पाहू. फोनला बिनतारी जोडून वाजणारा ब्लूटूथ स्पीकर सगळीकडे आहे. परंतु तो नुसता ब्लूटूथचाच असेल तर त्याला चालवायला फोनच लागतो. म्हणजे ज्याला दारातून घालवले तो खिडकीतून घरात आला. बोलून हुकूम सोडायचे स्पीकर आहेत. त्यांना सतत इंटरनेट हवे, आणि मुलाच्या बोबड्या बोलीशी त्यांचे फारसे जमत नाही. हजारो जुनी गाणी आधीच भरलेल्या पेट्या मिळतात. त्या आजोबांना द्याव्यात, आनंदाने ऐकतील.

मुलासाठी माझे मत पडते ते आठवड्याच्या बाजारात, मोबाईलच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या स्पीकरला. रेडिओ लागतो, मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह बसते, एकदा चार्ज केला की वीज गेली तरी वाजतो. किंमत बहुधा हजार रुपयांच्या आतच असते. शेतात औत हाकताना बांधावर ठेवलेला हा स्पीकर तुम्ही पाहिलेला असेल. दिसायला तो काही खास नसतो. पण त्याला पडदा नाही, नेटवर्क लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात काय वाजायचे ते तुम्ही ठरवता.

इथे एक मोह होतो. दुकानदार विचारतो, "सर, कार्ड भरून देऊ का? पाचशे बालगीतं टाकतो." त्याला नको म्हणून सांगा. मिनिटभराच्या गाण्याला साधारण एक एमबी जागा लागते. तीन-तीन मिनिटांची वीस गाणी म्हणजे साठ एमबी. लहानसे कार्डही ह्याला पुरून उरेल, आणि वीस गाणी तीन वर्षांच्या मुलाला पुष्कळ झाली. ह्या वयाला नवेपणाची हौस कमी आणि तेच ते पुन्हा ऐकण्याची हौस जास्त असते. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही, कारण त्याचे काम चाललेले असते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवे शब्द काही मुलांना त्याच गोष्टीतून पुन्हापुन्हा ऐकवले, काहींना तेवढेच वेळा पण वेगवेगळ्या गोष्टींतून. तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्या मुलांच्या शब्द अधिक लक्षात राहिले. आपल्या आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५५-५६ साली गीतरामायण दिले तेही आठवड्याला एक गीत अशा बेताने, एकूण ५६ गीते. ज्या पिढीने ती अशी थांबून थांबून ऐकली तिच्या ती तोंडी बसली. पाचशे गाण्यांचे कार्ड नुसते वाजून जाते आणि तोंडी एकही बसत नाही.

कार्डावर गाणी टाकताना नावाच्या आधी ०१, ०२, ०३ असे आकडे घालून त्याच क्रमाने एकेक करून टाकावीत. काही यंत्रे नावाच्या क्रमाने वाजवतात, काही टाकल्याच्या क्रमाने. अशाने दोन्ही साधतात. क्रम पक्का राहिला की मूल तो पाठ करते, आणि आवडत्या गाण्यासाठी पुढचे बटण किती वेळा दाबायचे ते मोजू लागते. अंगणवाडीताई आणि बालवर्गाचे शिक्षक ऐकत असतील तर त्यांनी ह्या मोजण्याकडे लक्ष द्यावे. अंकांची ओळख ह्याहून सोप्या रीतीने होत असेल असे मला वाटत नाही. वर्गात गाणे लावल्यावर मध्येच ओळ अर्धी असताना बटण दाबून थांबवावे आणि उरलेली ओळ मुलांकडून यावी. यंत्र गप्प झाले की मुलांचा गळा मोकळा होतो.

आता कानांविषयी. ही गोष्ट मी लांबवणार आहे, कारण इथे नुकसान झाले तर भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली ऐकण्याच्या साधनांसाठी जे प्रमाण घालून दिले, त्यात मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांना तेवढाच वेळ ७५ डेसिबल अशी मर्यादा आहे. डेसिबलचा हिशेब नेहमीच्या बेरजेसारखा नाही. आवाज तीन डेसिबलने वाढला की कानावर पडणारी शक्ती दुप्पट होते, म्हणून ऐकण्याचा वेळ निम्म्यावर आणावा लागतो. पण खेड्यात डेसिबल मोजायला कोण बसले आहे? साधी परीक्षा अशी. पेटी वाजत असताना तिच्यापासून हातभर अंतरावर बसावे आणि नेहमीच्या आवाजात बोलावे. ओरडावे लागले तर आवाज जास्त आहे. ह्या स्वस्त स्पीकरांचा आवाज वरच्या टोकाला कर्कश होतो आणि मुलाचे बोट तर वरच्याच बटणावर जाते. त्यावर तोड म्हणून जाळीवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावावेत. आवाज तेवढा दबतो. कानात घालायचे बोंडूक शाळेत जाण्याआधीच्या मुलाला मुळीच देऊ नये, ते कितीही सुंदर रंगाचे असो.

आणि मूल नेहमीच आवाज वाढवायला सांगत असेल, पेटीला कान लावून बसत असेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर दोष पेटीत शोधू नये. सर्दी साठून किंवा कान फुटून ऐकू कमी येत असेल. २०१३ सालापासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत मुलांच्या तपासणीला पथक येते, त्यात ऐकण्याचाही समावेश आहे. ताईंना आधी सांगून ठेवावे, आणि पथक यायला वेळ असेल तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. बोलण्याचे वय ऐकण्याच्या जोरावरच पार पडते.

दुसरी जपणूक बटणासारख्या चपट्या सेलची. पुष्कळ स्पीकरांबरोबर एक पातळ रिमोट मिळतो. त्यात रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो. असा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होते. तेव्हा तो रिमोट मुलाच्या हाती द्यायचाच नाही. कुलपात ठेवा, नाहीतर दुकानातच सोडून या. गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढत बसू नका, तडक दवाखाना गाठा. यंत्र खेळणे म्हणून विकले जात असेल तर त्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ते सक्तीचे आहे. चार्जिंगला लावलेली पेटी मात्र कोणत्याही चिन्हाची असली तरी मुलाजवळ नको.

किती वेळ लावावी? स्वयंपाक होईपर्यंत अर्धा तास मूल गाण्यात रमले तर त्या माउलीला कोणी बोल लावू नये. दिवसभर पेटी चालू ठेवणे मात्र वाईट. घरात दूरदर्शन सतत लागलेले असले की मोठी माणसे मुलाशी कमी बोलतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. गाण्याच्या पेटीचेही तसेच होणार.

राहिला प्रश्न भरण्याचा. बालगीते निवडताना फार भरधाव आणि ढोलताशांनी भरलेली नकोत. लहान मुलाचा गळा पाचसहा स्वरांत सहज फिरतो. त्याच्याबरोबर म्हणता येईल तेच गाणे त्याचे. परंतु वीसांपैकी निम्मी जागा मी घरच्या आवाजासाठी राखायला सांगेन. आपल्याकडे ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास आईबाप निघून जातात आणि मुले आजीजवळ राहतात, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. कोणाचा बाप फौजेत असतो, कोणाचा मुंबईत. निघण्याआधी आईने पाच मिनिटे अंगाई म्हणावी, बापाने एक गोष्ट सांगावी. गळा गोड असण्याची गरज नाही. आजीला येत असतील तर जात्यावरच्या ओव्या घ्याव्यात. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. तेवढ्यानंतरही आपल्या घरातली ओवी त्यात असेलच असे नाही.

ध्वनिमुद्रण फोनवरच होते. पंखा बंद करावा, अंथरुणे रचलेल्या खोलीत बसावे म्हणजे घुमत नाही, आणि फोन तोंडापासून वीतभर दूर धरावा. फोनवर भरलेला आवाज पुष्कळदा वेगळ्या जातीचा असतो आणि साधा स्पीकर तो वाजवत नाही. मोबाईलवाल्याकडून त्याची एमपी-थ्री करून घ्यावी, दोन मिनिटांचे काम आहे. एक नक्कल दुसऱ्या कार्डावर उतरवून धान्याच्या कोठीत नव्हे, कागदपत्रांच्या डब्यात ठेवावी. कार्डे अचानक बिघडतात. बालगीते दुकानात पुन्हा मिळतील, आजीचा आवाज मिळणार नाही.