कंटेनर उघडण्याआधी

उरणच्या रस्त्याला लागलात की ट्रेलरांची रांग संपता संपत नाही. हे सगळे न्हावा-शेवा बंदराचे पाहुणे. 2023-24 या वर्षात या बंदराने वीस फुटी मापाने मोजलेले 64 लाखांहून अधिक कंटेनर हाताळले, म्हणजे रोजचे सरासरी सतरा हजारांवर. प्रत्येक कंटेनर रिकामा करून बघायचा म्हटलं, तर बंदर तुंबेल आणि नाशिकची द्राक्षं धक्क्यावरच नासतील. मग चोरटा माल हुडकायचा कसा?

सुरुवात कागदांपासून होते. कस्टम्सकडे 2005 पासून त्यासाठी संगणकीय जोखीम-प्रणाली आहे. माल काय, निघाला कुठून, मागवणारा नवा की जुना, दाखवलेली किंमत बाजारभावाला धरून आहे का, हे ताडून ती संशयास्पद माल बाजूला काढते. असे कंटेनर मग स्कॅनरमधून जातात. एकसारख्या पोत्यांची थप्पी पडद्यावर एकसारखी करडी उमटते. कागदावर हलका माल आणि आत रक्तचंदनाचे ओंडके असतील, तर तिथे गडद पट्टे दिसतात. मग सील तोडून माल बाहेर काढला जातो.

पण यंत्रालाही चकवणारे असतात. ऑगस्ट 2020 मध्ये न्हावा-शेव्याला 191 किलो हेरॉइन पकडलं गेलं. कागदोपत्री ती आयुर्वेदिक औषधी होती. प्रत्यक्षात हेरॉइन प्लास्टिकच्या नळ्यांत भरून त्या नळ्या बांबूसारख्या रंगवल्या होत्या! पुढच्याच वर्षी गुजरातेत मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांतून सुमारे तीन हजार किलो हेरॉइन निघालं. पोत्यांत वर शंखजिऱ्याचे दगड, खाली हेरॉइन. माल अफगाणिस्तानचा, चढवला इराणच्या बंदर अब्बासला, मागवणाऱ्या कंपनीचा पत्ता विजयवाड्याचा आणि उतरला पश्चिम किनाऱ्यावर. असा आडवळणाचा प्रवास पडद्यावर दिसत नाही. तो कागद वाचणाऱ्यालाच खटकतो.

तस्कराला म्हणूनच स्वच्छ कागद लागतात, आणि त्यासाठी दुसऱ्याचं नाव. निर्यातीत नव्याने उतरणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : चार पैशांच्या कमिशनसाठी आपला आयात-निर्यात कोड कुणालाही वापरायला देऊ नका. कंटेनर आपल्या डोळ्यांदेखत भरून घ्या, सीलचा नंबर स्वतः टिपून ठेवा. आत काही भलतंच सापडलं, तर कागदावर ज्याचं नाव असेल, त्यालाच पहिलं समन्स येतं.