मनीऑर्डर कुठून आली?

श्रोतेहो, कंपनीचा नफा जाहीर झाला की आपण आकडा वाचतो आणि खूश होतो. तो कुठे कमावला, हे मात्र कुणी विचारत नाही. आज माझं सांगणं तेवढंच: आधी ते विचारा.

पिंपरीत कारखाना असलेली आपली टाटा मोटर्स घ्या. २००८ साली तिनं फोर्डकडून २३० कोटी डॉलरना जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. २०१३-१४ चा तिचा एकत्रित, म्हणजे उपकंपन्या धरून, नफा जवळजवळ १४ हजार कोटी रुपये. आणि स्वतंत्र, म्हणजे एकट्या टाटा मोटर्सच्या, हिशेबात? साडेतीनशे कोटींच्याही आत, तोसुद्धा जग्वारकडून आलेला लाभांश धरून!

कोकणातलं जुनं घर आठवा. भात दारचं, पण घर चालायचं मुंबईच्या मनीऑर्डरवर. पाऊस दगा देई तेव्हा तीच तारून नेई. २०१३-१४ मध्ये देशात ट्रकचा खप मंदावला होता, तेव्हा जग्वारनं तेच केलं. पण १९८२ साली मुंबईत कापडगिरण्यांचा संप झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. मग भात कितीही पिको, वाण्याची उधारी कशी फिटणार?

२०१८ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीत असंच झालं. चीनमधला खप घसरला, युरोपात डिझेल गाड्यांकडे लोकांनी पाठ फिरवली, जग्वारच्या मालमत्तेचं मूल्य हिशेबात उतरवावं लागलं. एकत्रित तोटा सुमारे २७ हजार कोटी! घरचा धंदा त्या तिमाहीत नफ्यात होता, बरं का. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात सायबर हल्ल्यानं इंग्लंडमधले कारखाने महिनाभर बंद पडले. त्याची झळ पुण्यातल्या भागधारकापर्यंत आली.

परदेशी धंदा वाईट, असं मी म्हणत नाही. पत्रं येतील, म्हणून पुन्हा सांगतो: मनीऑर्डर घ्या, पण ती कुठल्या गिरणीतून येते ते माहीत असू द्या. वार्षिक अहवाल आता बहुधा ईमेलनं येतो, तो न उघडता सोडू नका. एकत्रित आणि स्वतंत्र, दोन्ही पानं शेजारी ठेवा. देशवार विक्रीचा तक्ता असतो, तो बघा.

आता कंपनीचे दोन भाग झालेत. जग्वार प्रवासी गाड्यांच्या कंपनीकडे गेली. ट्रकवाल्या कंपनीनं इटलीची ट्रक-कंपनी इवेको घ्यायचं २०२५ मध्येच जाहीर केलं, म्हणजे तिथेही मनीऑर्डर आलीच. दोन्ही पानं बघा.